नेदरलँड्समधील घरातील डब्ल्यूटीडब्ल्यू यंत्र : वापर आणि निगा

नेदरलँड्समध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या घरात राहायला आलेल्या कुटुंबाला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पहिल्याच दिवशी परिचयाचे होते. पोटमाळ्यावर किंवा वॉशिंग मशीनशेजारच्या अरुंद खोलीत भिंतीला टांगलेला पांढरा खोका मात्र पुष्कळदा वर्ष उलटले तरी कोणी उघडून पाहिलेला नसतो. त्या खोक्यातून चार जाड नळ निघतात आणि कान दिला तर बारीक घरघर ऐकू येते. हे यंत्र घरातील वापरलेली हवा बाहेर टाकते, बाहेरची ताजी हवा आत आणते आणि हे करताना जाणाऱ्या हवेतील उष्णता येणाऱ्या हवेला देते. इथे सर्वजण त्याला डब्ल्यूटीडब्ल्यू म्हणतात; ‘उष्णता परत मिळवणे’ या अर्थाच्या डच शब्दाचे ते लघुरूप आहे. बॉयलर बंद पडला तर तासाभरात कळते, नळ गळला तर जमीन ओली होते. हे यंत्र नीट चालेनासे झाले तर मात्र वरकरणी काहीच घडत नाही. हवा हळूहळू कोंदट होत जाते, सकाळी डोके जड वाटते, कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते, आणि यांपैकी कशाचाही संबंध पोटमाळ्यावरच्या खोक्याशी आहे हे चटकन लक्षात येत नाही. म्हणूनच या यंत्राची निगा तक्रार उद्भवल्यावर नव्हे, तर ठरलेल्या वेळी घ्यावी लागते.

खोक्याच्या आत काय घडते

आत दोन पंखे असतात. एक पंखा स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय आणि कपडे धुण्याची जागा येथून हवा ओढतो. दुसरा बाहेरची हवा बैठकीच्या खोलीत आणि झोपण्याच्या खोल्यांत सोडतो. हे दोन प्रवाह मधल्या उष्णता-विनिमयकातून, म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या शेकडो पडद्यांनी बनलेल्या ठोकळ्यातून, एकमेकांच्या उलट दिशेने जातात. एका पडद्याच्या एका बाजूला उबदार हवा आणि दुसऱ्या बाजूला थंड हवा असते. हवा एकमेकींत मिसळत नाही, फक्त उष्णता पलीकडे जाते. दोन्ही प्रवाहांच्या वाटेवर एकेक फिल्टर असतो. याखेरीज उन्हाळ्यासाठी एक बायपास झडप, थंडीत साचणारे पाणी वाहून नेणारी नळी आणि गोठण्यापासून बचाव करणारी काही व्यवस्था असते.

या खटाटोपातून काय साधते, ते एका साध्या हिशेबावरून कळेल. घरातील ताशी २०० घनमीटर हवा बदलली जात आहे, आत २० अंश आणि बाहेर शून्य अंश तापमान आहे असे धरले, तर आत येणारी ती हवा तापवण्यासाठी सुमारे १,३५० वॅट उष्णता अखंड लागते. यंत्राने ८५ टक्के उष्णता परत मिळवली, तर हाच आकडा सुमारे २०० वॅटवर उतरतो आणि खोलीत येणारी हवा आधीच १७ अंशांची झालेली असते. दोन्ही पंखे मिळून सरासरी ४० वॅट वीज घेत असतील, तर वर्षाला ३५० युनिट खर्च होतात. एका हिवाळ्यात वाचणारी उष्णता याच्या कित्येक पट असते. माहितीपत्रकात ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता छापलेली असली, तरी ती प्रयोगशाळेतील असते. प्रत्यक्ष घरात ती नळांचे वेष्टन, सांध्यांतील गळती आणि दोन्ही प्रवाहांचा समतोल यांवर अवलंबून राहते. येणारी हवा १७ अंशांची असल्यामुळे ती खोलीत सोडणाऱ्या छतातील झडपेखाली उभे राहिल्यास किंचित गार वाटते. तो बिघाड नव्हे. हे यंत्र हीटर नाही.

कॅनडातील रेजायना शहरात १९७७ साली उभारलेल्या सस्कॅचेवन कॉन्झर्व्हेशन हाउसमध्ये आणि पुढे १९९१ साली जर्मनीतील डार्मश्टाट येथे वस्तीला खुल्या झालेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसमध्ये हीच युक्ती वापरली होती. तेलटंचाईनंतर घरे हवाबंद बांधली जाऊ लागली, आणि फटींतून आपोआप येणारी हवा थांबली म्हणून ती यंत्राने आणावी लागली. आपल्याकडच्या चाळीत किंवा कौलारू घरात हवा कुठून तरी येतच असते; इथल्या नव्या घरात ती या चार नळांखेरीज कुठूनही पुरेशी येत नाही, हे मनात पक्के धरले म्हणजे पुढील बहुतेक सूचना आपोआप पटतात.

रोजचा वापर

बहुतेक यंत्रांना तीन पायऱ्यांचा खटका असतो. तो स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराबाहेर बसवलेला असतो. पहिली पायरी घरात कोणी नसतानाची, दुसरी माणसे घरात असतानाची आणि तिसरी स्वयंपाक, आंघोळ किंवा पाहुण्यांची वर्दळ यांसाठीची. खेदाची गोष्ट अशी की पुष्कळ घरांत खटका कायम पहिल्या पायरीवर असतो, कारण आवाज कमी येतो आणि वीज वाचते अशी समजूत असते. रात्री झोपताना तर तो आवर्जून खाली आणला जातो. झोपलेल्या प्रत्येक माणसाला ताशी सुमारे २५ घनमीटर ताजी हवा मिळावी, असा साधारण हिशेब आहे. आठ तास दार लावून झोपणाऱ्या दोघांच्या खोलीत याच्या निम्मीच हवा येत राहिली, तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पहाटेपर्यंत दीड हजार पीपीएमच्याही (हवेच्या दहा लाख भागांतील भाग) वर सहज जाते. बाहेरच्या हवेत ते ४२० पीपीएमच्या थोडे वर असते, आणि राहत्या खोलीत ते १,२०० च्या खाली राखावे असे येथील आरोग्यसेवेचे मार्गदर्शन आहे. म्हणून रात्री दुसरी पायरी हवी. शंका असल्यास कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मापक आठवडाभर उशाशी ठेवावा. नव्या यंत्रांपैकी काहींना असा संवेदक जोडलेलाच असतो आणि ती यंत्रे पायरी आपण होऊन बदलतात.

स्वयंपाकाकडे मराठी घरांनी विशेष लक्ष द्यावे. डच नियमांनुसार स्वयंपाकाच्या जागेतून सेकंदाला किमान २१ लिटर, न्हाणीघरातून १४ आणि शौचालयातून ७ लिटर हवा ओढण्याची सोय असावी लागते. बटाटे उकडण्याला आणि ओव्हनमधल्या जेवणाला ही क्षमता पुरते; मोहरी-हिंग-मिरचीच्या फोडणीला किंवा पुऱ्या तळण्याला ती एकटी पुरत नाही. तेल तापवण्यापूर्वी पाच मिनिटे तिसरी पायरी लावावी आणि स्वयंपाक संपल्यावर निदान अर्धा तास ती तशीच ठेवावी. शेगडीवरचा हूड डब्ल्यूटीडब्ल्यूच्या नळाला कधीही जोडू नये. तेलाचे कण विनिमयकाच्या बारीक फटींत बसतात आणि नळांत चिकट थर तयार होऊन आगीचा धोका वाढतो. हवा बाहेर फेकणारा हूड ताशी ३०० घनमीटर किंवा त्याहून अधिक हवा ओढतो. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, म्हणून तो चालू असताना जवळची खिडकी बोटभर उघडावी. हवा गाळून तिथेच सोडणारा, कोळशाच्या फिल्टरचा हूड असेल, तर तो तेल आणि वास काही प्रमाणात अडवतो, पण कुकरची वाफ तशीच घरात राहते. ती बाहेर काढण्याचे काम डब्ल्यूटीडब्ल्यूवरच पडते.

फोडणीचा वास वरच्या मजल्यावरील झोपण्याच्या खोलीत पोचला, तर दोष यंत्राच्या माथी मारण्याआधी दारे पाहावीत. स्वयंपाकाच्या वेळी ती लावलेली असतील आणि तरीही झडपेतूनच वास येत असेल, तर छपरावर हवा टाकणारे आणि घेणारे तोंड एकमेकांच्या फार जवळ आहेत, किंवा विनिमयक त्याच्या जागी नीट बसलेला नाही, असे समजावे. शेजाऱ्याच्या लाकडाच्या शेकोटीचा धूरही याच घेणाऱ्या तोंडातून येतो. धूर तात्पुरता असेल तेव्हा तासभर पायरी कमी करणे योग्य आहे. नेहमीचाच त्रास असेल तर घेणाऱ्या बाजूला कोळशाचा फिल्टर बसवता येतो का, हे यंत्राच्या उत्पादकाकडे विचारावे. देवापुढील उदबत्ती आणि धूप यांनाही फोडणीचाच नियम लावावा: आधी पायरी वाढवावी, मग पेटवावे.

आंघोळीनंतर तिसरी पायरी आरसा स्वच्छ होईपर्यंत नव्हे, तर फरश्यांच्या सांध्यांतील ओल जाईपर्यंत ठेवावी. त्याला पाऊण तास तरी लागतो. हिवाळ्यात कपडे घरात वाळवावेच लागतात, आणि एका धुण्यातून दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. दोरी किंवा स्टँड बैठकीच्या खोलीत न ठेवता हवा ओढणाऱ्या झडपेच्या खाली, म्हणजे न्हाणीघरात किंवा वॉशिंग मशीनपाशी ठेवावा.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. झोपण्याच्या खोलीत सोडलेली हवा दाराखालच्या फटीतून बाहेर पडून न्हाणीघराकडे जाते. दाराखालची ती सुमारे दोन सेंटीमीटरची फट सुताराच्या हलगर्जीपणामुळे राहिलेली नसते. ती हवेची वाट असते. जाड गालिचा, दाराखाली लावायची रबरी पट्टी किंवा गुंडाळलेली चादर यांनी ती बुजवली, तर झडप चालू असूनही खोलीत हवा फिरत नाही. खिडक्या उघडण्यास मात्र कोणताही मज्जाव नाही. यंत्र असले म्हणजे खिडकी उघडायची नाही, ही समजूत चुकीची आहे. हिवाळ्यात खिडकी तासन् तास उघडी ठेवल्यास उष्णता वाया जाते, एवढाच काय तो प्रश्न आहे.

हिवाळ्यातील कोरडेपणा आणि उन्हाळ्यातील उकाडा

जानेवारीत ओठ फुटतात, नाकातून रक्त येते आणि घरातील आर्द्रता ३० टक्क्यांखाली उतरते, तेव्हा यंत्र बंद करण्याचा मोह होतो. कारण मात्र यंत्र नसून बाहेरची हवा आहे. शून्य अंशांच्या हवेत, ती पूर्ण ओलसर असली तरी, घनमीटरमागे जेमतेम ५ ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा २० अंशांवर आली की तिची बाष्प धरण्याची क्षमता १७ ग्रॅमच्या घरात जाते, म्हणून आर्द्रता २८-३० टक्के दिसते. खिडकी उघडूनही नेमके हेच होईल. उपाय असा की घरात कोणी नसताना पायरी खरोखरच पहिल्यावर आणावी, खोल्या २२-२३ अंशांपर्यंत तापवू नयेत आणि कपडे घरातच वाळवावेत. काही यंत्रांत बाष्पही परत देणारा विनिमयक बसवता येतो. कोरडेपणाचा त्रास फार असणाऱ्या घरात तो उपयोगी पडतो. यंत्र बंद करणे हा उपाय नव्हे, कारण बंद झालेल्या यंत्राच्या थंड नळांत बाष्प साचते आणि बुरशीला आयती जागा मिळते.

कडाक्याच्या थंडीत जाणाऱ्या हवेतील बाष्प विनिमयकात गोठू शकते. ते टाळण्यासाठी काही यंत्रे येणारी हवा विजेने आधी तापवतात, तर काही येणाऱ्या हवेचा पंखा मंद करतात. दुसऱ्या प्रकारात घरातील दाब थोडा घटतो. घरात उघडी शेकोटी किंवा खोलीतीलच हवा जाळणारा स्टोव्ह असेल, तर त्या वेळी धूर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड धुराड्यातून उलट खोलीत येण्याचा धोका असतो. असा स्टोव्ह असलेल्या घरात ज्वलनासाठी बाहेरून स्वतंत्र हवा हवी, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण हवे, आणि याबाबतीत तडजोड करू नये.

उन्हाळ्यात बायपास झडप उघडते आणि येणारी हवा विनिमयकाला वळसा घालून थेट आत येते. झडप साधारणपणे आतील तापमान ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आणि बाहेरचे तापमान आतील तापमानापेक्षा कमी असतानाच उघडते, म्हणजे मुख्यतः रात्री. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. बाहेर सहा अंशांनी गार असताना ताशी २०० घनमीटर हवा सुमारे ४०० वॅट उष्णता बाहेर नेते. लहानसा एसीसुद्धा याच्या सहापट काम करतो. तेव्हा रात्री खिडक्या उघडाव्यात, दिवसा ऊन काचेवर पडण्याआधी बाहेरच्या बाजूने अडवावे, आणि भर दुपारी यंत्र दुसऱ्या पायरीच्या वर नेऊ नये. मे महिन्यात बायपासची मर्यादा २२ ते २४ अंशांवर आहे ना, हे एकदा पडद्यावर तपासावे. ती चुकून बरीच वर गेली असेल, तर झडप उन्हाळाभर उघडतच नाही.

फिल्टर

निगेच्या कामांपैकी नव्वद टक्के महत्त्व फिल्टरला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दर तीन महिन्यांनी ते काढून पाहावेत आणि दर सहा महिन्यांनी बदलावेत, हा बहुतेक घरांना लागू पडणारा नेम आहे. तारीख विसरू नये म्हणून पाडवा आणि दिवाळी हे दोन दिवस धरावेत. अंतर अगदी नेमके सहा महिन्यांचे नसले, तरी दोन्ही वेळा इथल्या हवामानाला चपखल बसतात. पाडव्याच्या सुमारास बदललेला फिल्टर एप्रिलमधील बर्च झाडाच्या आणि मे ते जुलैमधील गवताच्या परागकणांना तोंड द्यायला ताजा असतो. दिवाळीत चकल्या-शेव तळून झाल्यावर घरातील हवा ओढणाऱ्या बाजूचा फिल्टर हातात घेऊन पाहावा: कापड पिवळसर पडलेले असते, घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यांवर राखाडी धुळीचा लगदा बसलेला असतो आणि नाकाजवळ नेला तर शिळ्या तेलाचा वास येतो. असा फिल्टर झटकून पुन्हा बसवण्यात काही अर्थ नाही.

दोन्ही फिल्टर एकसारखेच असावेत असे नाही. घरातील हवा ओढणाऱ्या बाजूला जाडसर फिल्टर पुरतो, कारण तिथे त्याचे काम विनिमयकाचे रक्षण करणे एवढेच असते. बाहेरची हवा घेणाऱ्या बाजूला, घरात परागज्वर किंवा दमा असलेले कोणी असल्यास, किंवा घर महामार्गाजवळ असल्यास, बारीक फिल्टर लावावा. जुन्या वर्गवारीत जाडसर फिल्टरला जी४ आणि बारीक फिल्टरला एफ७ म्हणत; २०१८ पासून त्या वर्गवारीची जागा आयएसओ १६८९० या मानकाने घेतली असून जी४ च्या जागी ‘कोअर्स’ आणि एफ७ च्या जागी सहसा ‘ईपीएम१’ असे लिहिलेले आढळते. दुकानदार अजून जुनीच नावे वापरतात. बारीक फिल्टर हवेला अधिक अडवतो. प्रवाह स्वतः मोजून पंखा जुळवून घेणाऱ्या यंत्रात याने बिघडत नाही, वीज थोडी अधिक जाते. साध्या यंत्रात मात्र येणारी हवा कमी पडते आणि समतोल पुन्हा साधून घ्यावा लागतो.

बदलण्याची कृती अवघड नाही. यंत्राचा प्लग काढावा आणि पंखे थांबेपर्यंत मिनिटभर वाट पाहावी. दर्शनी भागावरील दोन झाकणे उघडून फिल्टर सरळ बाहेर ओढावेत. ओढताना धूळ सांडते, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरावे. मळलेली बाजू कोणती होती ते पाहून ठेवावे. रिकाम्या खाचेतील धूळ, पाने आणि मेलेले कीटक व्हॅक्यूम क्लीनरने काढावेत. बाहेरून हवा घेणाऱ्या खाचेत चिलटांचा थर असणे अगदी नेहमीचे आहे. नव्या फिल्टरच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो, तो यंत्रावरील बाणाशी जुळवावा. चौकट खाचेत घट्ट बसली पाहिजे. कडेला काडीएवढी फट राहिली तरी हवा सोपी वाट धरून तिथूनच जाते आणि फिल्टर नावापुरता उरतो. कडेवर पेनाने तारीख लिहावी, झाकणे लावावीत, प्लग जोडावा आणि पडद्यावरील फिल्टरची सूचना रद्द करावी. ही सूचना बहुतेक यंत्रांत केवळ दिवस मोजून येते, मळ मोजून नव्हे. म्हणून नवा फिल्टर न बसवता ती रद्द करणे म्हणजे स्वतःचीच दिशाभूल होय.

इतर कंपन्यांचे स्वस्त फिल्टर वापरण्यास हरकत नाही, मात्र वर्ग आणि मापे तंतोतंत जुळली पाहिजेत. जाडसर फिल्टर मधल्या तीन महिन्यांच्या तपासणीत एकदा व्हॅक्यूम करता येतो. बारीक फिल्टर धुऊ किंवा चोळू नये, कारण त्याचे धागे विस्कटतात. जुनी साडी, स्पंज किंवा मच्छरदाणीचा तुकडा यांना फिल्टरची जागा देऊ नये, आणि फिल्टरशिवाय यंत्र एक दिवसही चालवू नये. घरात प्लास्टर घासण्याचे किंवा लाकूड कापण्याचे काम निघाले, तर त्या खोलीतील झडपा कागदाने बंद कराव्यात, काम चालू असेपर्यंत यंत्र थांबवून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि काम संपताच फिल्टर बदलावेत.

झडपा, विनिमयक आणि पाण्याची नळी

छतातील गोल झडपांच्या कडेला काळी वर्तुळे दिसू लागली, की त्या धुण्याची वेळ झाली. वर्षातून दोनदा हे काम पुरे. मधली तबकडी फिरवली की फट लहान-मोठी होते, आणि त्या फटीवरच त्या खोलीच्या वाट्याला येणारी हवा ठरते. म्हणून एका वेळी एकच झडप काढावी, तबकडीला न फिरवता ती कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी, कोरडी करावी आणि त्याच खोलीत परत बसवावी. सगळ्या झडपा एकदम बादलीत टाकल्या, तर कोणती कुठली हे कळत नाही आणि तंत्रज्ञाने मोजून लावलेला समतोल एका दुपारी नाहीसा होतो. झोपताना वारा लागतो म्हणून झडप कागदाने बंद करण्याची पद्धतही सोडावी. त्या खोलीची हवा इतर खोल्यांत जाते आणि तिथला आवाज वाढतो. अशा वेळी हवेचा झोत दुसरीकडे वळवणारी झडप मागवावी.

विनिमयक वर्ष-दोन वर्षांतून एकदा बाहेर काढून पाहावा. प्लग काढून पुढचे झाकण उघडले, की ठोकळ्याला ओढण्यासाठी पट्टी दिसते. ओढताना आतील थोडे पाणी सांडू शकते. फटींत धूळ दिसल्यास न्हाणीघरात नेऊन कोमट पाण्याच्या हलक्या धारेने तो धुवावा, निथळत ठेवावा आणि कोरडा झाल्यावरच परत बसवावा. जोराची धार, गरम पाणी किंवा विरघळवणारी रसायने नकोत. बाष्प परत देणारा विनिमयक असेल, तर माहितीपुस्तक वाचल्याशिवाय त्याला पाणीच लावू नये. पंख्याची पाती मऊ ब्रशने पुसावीत. त्यांवर बसवलेल्या छोट्या पत्र्याच्या चिमट्या तोल साधण्यासाठी असतात, त्या काढल्या तर पंखा थरथरू लागतो.

यंत्राखालून निघणारी पाण्याची नळी हा फारसा कोणाच्या नजरेस न पडणारा भाग आहे. हिवाळ्यात गार झालेल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते या नळीतून गटाराकडे जाते, आणि वाटेत वासाला अडवणारा पाण्याचा सापळा असतो. उन्हाळ्यात पाणी साचत नाही, सापळा कोरडा पडतो, आणि सप्टेंबरमध्ये घरात गटाराचा मंद वास येऊ लागतो किंवा यंत्रातून गुडगुड आवाज येतो. उपाय सोपा आहे: यंत्राखालील नळीचा जोड सोडून किंवा आतील तबकात ओतून पेलाभर पाणी सापळ्यात जाईल असे पाहावे. दर वर्षी थंडी सुरू होण्यापूर्वी हे करावे. पाणी खाली न जाता तबकात थांबत असेल, तर नळी तुंबलेली आहे. ती लगेच मोकळी करावी, नाहीतर हिवाळ्यात यंत्राखालच्या छताला डाग पडतात.

समतोल, मोजणी आणि तंत्रज्ञ

आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी असली, तरच उष्णता नीट परत मिळते. टिश्यूपेपर धरून पाहता येते, पण मर्यादित अर्थाने: हवा ओढणाऱ्या झडपेला तो चिकटला तर प्रवाह आहे एवढेच कळते, किती आहे ते कळत नाही. त्यासाठी झडपेवर नरसाळ्यासारखे उपकरण लावून मोजावे लागते. आमर्सफोर्ट शहरातील फाटहोर्स्ट वस्तीतील प्रकरण याबाबतीत इथे सर्वांना ठाऊक आहे. तेथील नव्या घरांतील रहिवाशांनी २००७ च्या सुमारास आरोग्याच्या तक्रारी मांडल्या, आणि जीजीडी या सार्वजनिक आरोग्यसेवेच्या तपासात अपुरी हवा, यंत्रांचा आवाज आणि अस्वच्छता असे दोष पुढे आले. आवाजामुळे लोक खटका खालच्या पायरीवर ठेवत, आणि त्यामुळे आधीच अपुरी असलेली हवा आणखी घटत असे. पुढे २०१२ च्या बांधकाम नियमांत राहत्या खोल्यांतील अशा यंत्रणेच्या आवाजाला ३० डेसिबलची मर्यादा घालण्यात आली. नव्या घरात दुसऱ्या पायरीवर झोप येऊ नये इतका आवाज असेल, तर ‘सवय होईल’ या उत्तरावर समाधान मानू नये; ध्वनिशोषक बसवला आहे का आणि प्रवाह मोजले आहेत का, हे लेखी विचारावे.

घराचा ताबा घेताना प्रत्येक झडपेचा मोजलेला प्रवाह नोंदवलेला तक्ता मागून घ्यावा. तक्त्यातील आकडे नियमातील किमान आकड्यांशी ताडून पाहावेत, आणि तो तक्ता यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. भाड्याच्या घरात फिल्टर कोणी आणायचे आणि नळांची सफाई कोणी करायची, हे करारात पाहून आधीच ठरवून घ्यावे. नळांची सफाई पाच-सात वर्षांतून एकदा व्यावसायिकाकडून करून घ्यावी. सफाईच्या जाहिराती घेऊन दारावर येणाऱ्या सगळ्यांवर विश्वास टाकू नये. सफाईनंतर पुन्हा मोजणी करून तक्ता देणार का, हा एकच प्रश्न विचारावा. नकार आल्यास दुसरा माणूस शोधावा. पायरी न बदलता आवाज वाढणे, घरघरीऐवजी थरथर येणे, थंडीत खिडकीच्या काचांवर आतून पाणी धरणे किंवा येणारी हवा एकाएकी फार गार लागणे, या लक्षणांवर आधी फिल्टर आणि विनिमयक पाहावेत, आणि तेवढ्याने भागले नाही तर तंत्रज्ञाला बोलवावे.

यंत्र मुद्दाम बंद करण्याची वेळ क्वचित येते, पण ती आली तर घाई करावी लागते. परिसरात मोठी आग लागली किंवा रसायनांची गळती झाली, तर मोबाइलवर एनएल-अलर्ट या सरकारी इशारा-यंत्रणेचा संदेश येतो आणि दारे, खिडक्या व वायुवीजन बंद करण्यास सांगितले जाते. त्या वेळी पहिली पायरी पुरेशी नसते. प्लग काढावा लागतो किंवा विजेच्या पेटीतील त्या यंत्राचा खटका पाडावा लागतो. तो कोणता, हे घरातील प्रत्येकाला, मुलांना आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही, आधी दाखवून ठेवावे आणि खटक्यावर मराठीत चिठ्ठी लावावी. धोका टळल्याचा संदेश आल्यावर सर्व खिडक्या उघडाव्यात, यंत्र तिसऱ्या पायरीवर तासभर चालवावे आणि बाहेरची हवा घेणाऱ्या बाजूचा फिल्टर त्याच दिवशी बदलावा.